खाज, आग आणि पांढरं पाणी : आधी ओळखा, मग औषध घ्या

योनीद्वारापाशी सतत खाज, तिथल्या त्वचेला लघवी लागली की आग, आणि घट्ट पांढरा स्राव. ही तिन्ही लक्षणं एकत्र आली की बहुतेक वेळा त्यामागे कॅन्डिडा नावाची बुरशी असते. साधारण चारातल्या तीन स्त्रियांना आयुष्यात कधी ना कधी हा संसर्ग होतो. औषध स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि बहुतेकींना आठवड्याभरात आराम पडतो. तरीही बायका हे दुखणं महिनोनमहिने अंगावर काढतात. कुणी ‘उष्णता झालीय’ म्हणून सब्जा आणि धने-जिऱ्याचं पाणी पीत राहते, तर कुणी शेजारणीला लागू पडलेली ट्यूब मेडिकलमधून आणते. सब्जाने अपाय होत नाही, पण बुरशीही जात नाही. ट्यूबने मात्र अपाय होऊ शकतो, कारण खाजेची कारणं अनेक आहेत आणि एका कारणाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

म्हणून पुढच्या कृतीतल्या पहिल्या चार पायऱ्या ओळखण्याच्या आहेत. औषध पाचव्या पायरीला येतं. हा क्रम मोडू नका, एवढी कळकळीची विनंती आहे.

आत काय बिघडतं

निरोगी योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस जातीचे उपयुक्त जंतू राहतात. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्यामुळे तिथला पीएच ३.८ ते ४.५ च्या आसपास राहतो. या आम्लात अपायकारक जंतूंना वाढायला वाव मिळत नाही. कॅन्डिडा बुरशी थोड्या प्रमाणात १० ते २० टक्के स्त्रियांमध्ये कुठलाही त्रास न देता असतेच. त्रास नसेल तर तिला औषध लागत नाही. समतोल ढळला, की ती वाढते आणि त्वचेत शिरून दाह करते.

समतोल ढळण्याची नेहमीची कारणं ठरलेली आहेत : प्रतिजैविकांचा कोर्स, वाढलेली साखर, गरोदरपण, स्टिरॉइडची औषधं, कमी झालेली प्रतिकारशक्ती. यात कुणाच्या चारित्र्याचा किंवा ‘स्वच्छ राहत नाही’ या टोमण्याचा काहीही संबंध नाही. हा शरीरसंबंधातून होणारा रोग मानला जात नाही. कधीही संबंध न आलेल्या तरुण मुलीलाही तो होतो.

प्रत्येक पांढरं पाणी हा आजार नसतो, हेही इथेच सांगायला हवं. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत स्राव पारदर्शक आणि ताणला जाईल असा चिकट असतो, पाळीच्या आधी दाटसर पांढरट होतो, गरोदरपणात वाढतो. खाज नाही, आग नाही, वाईट वास नाही, तर काहीच करायचं नाही. ‘अंगावरून पांढरं गेलं की हाडं झिजतात’ हे खरं नाही. कंबर दुखत असेल, गळून गेल्यासारखं होत असेल, तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. तो वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तरही वेगळं आहे.

पायरी १ : थेट डॉक्टरकडे जायची वेळ आहे का, ते पाहा

खालीलपैकी एकही गोष्ट लागू असेल तर घरी काहीही सुरू न करता डॉक्टर गाठा.

- ताप किंवा ओटीपोटात दुखणं. संसर्ग गर्भाशय आणि गर्भनलिकांपर्यंत पोचल्याची ही खूण असू शकते. यात दिरंगाई नको.
- गरोदरपण, किंवा पाळी चुकली असून खात्री नसणं.
- रक्तमिश्रित स्राव, संबंधानंतर रक्त जाणं, किंवा पाळी कायमची बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसणं.
- फोड, जखम, गाठ, किंवा त्वचेवर पांढरे चट्टे.
- मधुमेह, एचआयव्ही, चालू असलेली केमोथेरपी किंवा स्टिरॉइडची औषधं.
- हा त्रास आयुष्यात पहिल्यांदाच होणं, किंवा बरा होऊन दोन महिन्यांच्या आत परत येणं.
- रुग्ण ही पाळी न आलेली लहान मुलगी असणं.

शेवटच्या मुद्द्याकडे विशेष लक्ष द्या. लहान मुलींमध्ये बुरशीचा संसर्ग क्वचित होतो. तिथल्या खाजेमागे जंत, साबणाचा त्रास, आत अडकलेली एखादी वस्तू अशी कारणं जास्त असतात, आणि कधी कधी लैंगिक अत्याचारही असतो. मुलीला रागावू नका, घाबरवू नका. ती जे सांगेल ते पूर्ण ऐका आणि तिला डॉक्टरांना दाखवा.

पाळी गेलेल्या स्त्रियांनीही ‘बुरशीच असेल’ असं धरून चालू नये. त्या वयात इस्ट्रोजेन कमी झाल्यामुळे त्वचा पातळ आणि कोरडी होते, त्यातूनही आग आणि खाज होते. बुरशीच्या मलमाने हा कोरडेपणा जात नाही.

पायरी २ : स्राव नीट पाहा

पहिल्या पायरीतलं काही नसेल, तर उजेडात, स्वच्छ हातांनी, छोटा आरसा घेऊन स्वतःची जागा पाहा. बहुतेकींनी ती कधी पाहिलेलीच नसते, आणि नेहमीचं कसं दिसतं हे माहीत नसेल तर बिघडलेलं ओळखायचं कसं? लाली, सूज, बारीक चिरा आहेत का, ते बघा. अंतर्वस्त्रावरच्या स्रावाचा रंग, दाटपणा आणि वास ध्यानात घ्या. मग खालच्या तीन वर्णनांशी पडताळा.

*बुरशी (कॅन्डिडा).* खाज हे मुख्य लक्षण. स्राव दाट, पांढरा, फाटलेल्या दुधाच्या चोथ्यासारखा, कधी अगदी थोडा. वास जवळजवळ नसतो. बाहेरची त्वचा लाल, सुजलेली, कधी चिरा पडलेली. संबंधाच्या वेळी दुखतं.

*जिवाणूंचा असमतोल (बॅक्टेरियल व्हजायनोसिस).* स्राव पातळ, राखाडी-पांढरा आणि मासळीसारख्या वासाचा. संबंधानंतर हा वास वाढतो. खाज नसते किंवा किरकोळ असते. इथे उपयुक्त लॅक्टोबॅसिलस कमी होऊन दुसरे जिवाणू वाढलेले असतात.

*ट्रायकोमोनास.* स्राव पुष्कळ, पिवळट-हिरवट, कधी फेसाळ आणि वासाचा. खाज आणि जळजळ दोन्ही असतात. हा एकपेशीय परजीवी शरीरसंबंधातून पसरतो, म्हणून दोघांनाही औषध लागतं.

वर्णनं वाचताना सोपी वाटतात, पण प्रत्यक्षात लक्षणं एकमेकांत मिसळतात आणि कधी दोन संसर्ग एकत्रही असतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका पाहणीत, दुकानातून स्वतःहून बुरशीचं औषध घेणाऱ्या ९५ स्त्रियांची तपासणी केली होती. निव्वळ बुरशीचा संसर्ग त्यांच्यातल्या जेमतेम एक तृतीयांश स्त्रियांना होता. बाकीच्या ज्या औषधाचे पैसे मोजत होत्या, ते त्यांच्या आजाराला पुरेसं तरी नव्हतं किंवा लागूच नव्हतं. तेव्हा या पायरीत बांधलेला अंदाज डॉक्टरांना सांगण्यासाठी वापरा, मेडिकलवाल्याला सांगण्यासाठी नको.

पायरी ३ : गेल्या महिन्याकडे मागे वळून पाहा

कागद घ्या आणि या पाच प्रश्नांची उत्तरं लिहा.

१. गेल्या काही आठवड्यांत घसा, दात, लघवी किंवा इतर कशासाठी प्रतिजैविक घेतलं का? ते उपयुक्त जंतूंनाही मारतं आणि बुरशीला मोकळं रान मिळतं.

२. साखर कधी तपासली होती? वारंवार होणारा बुरशीचा संसर्ग हे मधुमेहाचं पहिलं लक्षण असू शकतं. तहान जास्त, लघवी जास्त आणि खाली खाज असं एकत्र असेल, तर साखर तपासल्याशिवाय राहू नका.

३. मधुमेहाची नवी गोळी सुरू झाली आहे का? डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या औषधांनी जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकली जाते. लघवीतल्या त्या साखरेवर बुरशी पोसली जाते. २०२० मध्ये भारतात डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं, गोळी स्वस्त झाली आणि तिचा वापर वाढला. गोळी चांगली आहे, स्वतःच्या मनाने बंद करू नका. पण खाज सुरू झाल्याचं लिहून देणाऱ्या डॉक्टरांना जरूर सांगा.

४. पाळी शेवटची कधी आली? दिवस राहिले असण्याची शक्यता आहे का? औषधाची निवड या एका उत्तराने बदलते.

५. तिथे काय काय लावलं? सुवासिक साबण, ‘इंटिमेट वॉश’, केस काढायचं क्रीम, सुगंधी पॅड, बादलीत टाकलेलं डेटॉल, तुरटीचं पाणी. यांच्यामुळेही त्वचेची आग होते आणि ती संसर्ग आहे असं वाटतं.

पायरी ४ : तपासून घ्या

गावात असाल तर आरोग्य सेविका किंवा आशाताईंशी बोला. त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कुठल्या दिवशी, कुणाकडे जायचं ते सांगतात. ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात स्त्रीरोग विभागाचा केस पेपर काढा. अनेक सरकारी रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. जननमार्गाच्या संसर्गांसाठीच ते चालवतात. तिथे तपासणी, समुपदेशन आणि औषध मोफत आहे.

आदल्या दोन दिवसांत आत कुठलंही औषध ठेवू नका आणि आतून धुऊ नका, नाहीतर नमुन्यात काही सापडत नाही. शक्यतो पाळी नसताना जा.

डॉक्टरांसमोर बसल्यावर शब्द सुचत नाहीत, हा पुष्कळजणींचा अनुभव. ‘अंगात कणकण आहे’, ‘कंबर दुखते’ असं सांगून बाई परत येते आणि खरा त्रास सांगायचा राहूनच जातो. म्हणून घरूनच वाक्य ठरवून जा : “डॉक्टर, दहा दिवस झाले, खाली खूप खाज येते, लघवीच्या वेळी बाहेर आग होते, अंगावरून दाट पांढरं जातं. वास नाही. शेवटची पाळी १२ तारखेला आली होती.” एवढं सांगितलं की डॉक्टरांचं अर्धं काम होतं.

आतली तपासणी काही मिनिटांची असते. स्पेक्युलम नावाच्या उपकरणाने योनीमार्ग अलगद उघडून आत पाहतात आणि कापसाच्या बोळ्याने थोडा स्राव घेतात. अंग सैल सोडून तोंडाने सावकाश श्वास घेतला की त्रास कमी होतो. खोलीत परिचारिका किंवा तुमच्यासोबतची बाई असावी, असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे. संबंध आलेला नसेल तर तसं आधीच सांगा. अशा वेळी बाहेरून पाहून आणि बोळ्याने नमुना घेऊन काम भागवतात.

सोय असेल तिथे पुढे दोन छोट्या गोष्टी होतात. पीएचच्या कागदाची पट्टी स्रावाला लावतात. बुरशीत पीएच साधारण ४.५ च्या आतच राहतो. जिवाणूंच्या असमतोलात तो वर जातो. मग काचपट्टीवर स्रावाचा थेंब ठेवून त्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकतात. शरीराच्या पेशी त्यात विरघळतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे लांबट तंतू आणि त्यांना फुटलेले गोल अंकुर स्पष्ट दिसतात. ज्या थेंबातून मासळीचा वास उसळतो, तो जिवाणूंकडे बोट दाखवतो. काचपट्टीवर काही दिसलं नाही, तरी बुरशी नाहीच असं ठरत नाही; लक्षणं ठळक असतील तर नमुना कल्चरला पाठवता येतो.

या तपासणीचं मोल महाराष्ट्राला गडचिरोलीने दाखवून दिलं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांमध्ये एक ना एक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळला. त्याआधी कधीही अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. आज दवाखाने वाढले आहेत, रस्ते झाले आहेत. लाजेपायी तपासणी टाळणं मात्र अजून पुरतं गेलेलं नाही.

पायरी ५ : औषध ठरवा

साध्या, पहिल्यावहिल्या बुरशीच्या संसर्गाला दोन मार्ग आहेत आणि दोन्ही सारखेच गुणकारी आहेत. दहापैकी आठ-नऊ जणींना कुठल्याही एकाने बरं वाटतं.

*आत ठेवायची गोळी :* क्लोट्रिमॅझोल. १०० मिलिग्रॅमची एक गोळी रोज रात्री, सहा ते सात रात्री. २०० मिलिग्रॅमची तीन रात्री. किंवा ५०० मिलिग्रॅमची एकच रात्र. बाहेरच्या खाजेसाठी सोबत क्लोट्रिमॅझोलचं १ टक्का मलम दिवसातून दोनदा पातळ थरात.

*तोंडाने घ्यायची गोळी :* फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम, एकदाच. संबंध न आलेल्या मुलींना आणि आत गोळी ठेवणं ज्यांना जमत नाही त्यांना ही सोयीची. मात्र रक्त पातळ करणारं वॉरफरिन, फिट्सची काही औषधं, कोलेस्ट्रॉलच्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्या यांच्याशी तिचं पटत नाही. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांना दाखवा.

गरोदर स्त्रीने फ्लुकोनॅझोल घेऊ नये. तिच्यासाठी आत ठेवायची क्लोट्रिमॅझोलची गोळी, पूर्ण सात रात्री, डॉक्टरांच्या सल्ल्याने.

सरकारी दवाखान्यात प्रयोगशाळा नसेल तर लक्षणांवरून उपचार करतात आणि हिरव्या रंगाचं ‘किट २’ देतात. त्यात फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम आणि सेक्निडॅझोल २ ग्रॅम असतं. पहिलं बुरशीसाठी, दुसरं जिवाणू आणि ट्रायकोमोनाससाठी. गरोदर असाल किंवा शंका असेल, तर किट हातात घेण्याआधी सांगा.

मेडिकलमध्ये ‘खाजेची ट्यूब’ मागितली तर पुष्कळदा स्टिरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेलं मलम मिळतं. स्टिरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून ते गुणकारी वाटतं. आतली बुरशी तशीच राहते, त्वचा पातळ होते आणि आजार पुन्हा उसळतो. चिठ्ठीशिवाय असं मलम या नाजूक जागी लावू नका.

पायरी ६ : गोळी आत ठेवण्याची पद्धत

चिठ्ठी देताना ही पद्धत क्वचितच समजावून सांगतात. काही बायका आत ठेवायची गोळी तोंडाने घेतात, काही ती योनीद्वारापाशीच ठेवतात आणि सकाळी ती पडून गेलेली असते. म्हणून सावकाश वाचा.

१. वेळ झोपतानाची. गोळी ठेवल्यावर उठून कामं करायची नाहीत, म्हणजे ती आतच राहते आणि विरघळते.

२. लघवी करून या. बाहेरची जागा साध्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपा. हात साबणाने धुवा. नखं वाढलेली असतील तर कापा. बोटातली अंगठी काढा.

३. पाकिटावर ‘व्हजायनल’ असं लिहिलेलं आहे, याची खात्री करा. सोबत प्लॅस्टिकचा अॅप्लिकेटर असेल तर गोळी त्याच्या टोकात बसवा.

४. पाठीवर झोपा, गुडघे दुमडून बाजूला सोडा. जमत नसेल तर उभ्याने एक पाय स्टुलावर ठेवा.

५. गोळी फार कोरडी असेल तर क्षणभर स्वच्छ पाण्यात बुडवा.

६. एका हाताने बाहेरच्या घड्या अलग करा. दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाने गोळी आत सरकवा. दिशा महत्त्वाची : सरळ वर न ढकलता पाठीच्या, कमरेच्या बाजूला. योनीमार्ग तसाच मागे कललेला असतो.

७. बोट सहज जाईल तितकं आत न्या. जबरदस्ती करू नका. दुखलं तर थांबा, श्वास सोडा, पुन्हा प्रयत्न करा. गरोदरपणात अॅप्लिकेटरऐवजी बोटच वापरणं बरं.

८. गोळी आत हरवेल, पोटात जाईल ही भीती मनातून काढून टाका. योनीमार्ग वरच्या टोकाला गर्भाशयाच्या मुखापाशी संपतो. पुढे गोळी जाईल अशी वाट नाही.

९. हात धुऊन झोपा. पॅड किंवा सुती कापड घ्या. सकाळी पांढरा चुरा किंवा पातळ पांढरं दिसलं तर ते गोळीचे अवशेष असतात; औषध वाया गेलं असं समजू नका.

पहिल्या रात्री किंचित चुरचुरतं. आग सहन होत नसेल, अंगावर पुरळ आलं, सूज वाढली, तर थांबा आणि डॉक्टरांना कळवा. पाळीत गोळी वाहून जाऊ शकते, म्हणून कोर्स पाळीच्या आधी संपेल असा सुरू करा. मधेच पाळी आलीच तर पुढे काय करायचं ते डॉक्टरांना विचारा. टॅम्पॉन किंवा मेन्स्ट्रुअल कप त्या दिवसांत नको.

आणि सर्वांत महत्त्वाचं : दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाज थांबते, तेव्हा उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवू नका. ठरलेल्या सगळ्या रात्री पूर्ण करा.

पायरी ७ : उपचाराच्या दिवसांत अंगाची काळजी

योनीमार्ग स्वतःला आतून स्वच्छ ठेवतो. बाहेरून साधं पाणी पुरे. आत पिचकारी मारणं, बोट घालून धुणं, कडुलिंबाचं किंवा तुरटीचं पाणी आत घेणं, लसणाची पाकळी किंवा दही ठेवणं, यांतलं काही करू नका. त्याने त्वचा सोलवटते आणि उपयुक्त जंतू धुऊन जातात. शौचानंतर धुताना, पुसताना हात पुढून मागे न्या.

अंतर्वस्त्रं सुती आणि सैल घ्या. घट्ट लेगिंग किंवा जीन्स दिवसभर घालू नका, रात्री शक्य असेल तर अंतर्वस्त्राशिवाय झोपा. आपल्याकडे चड्ड्या वाळत घालायच्या त्या दोरीच्या कोपऱ्यात, परकराखाली किंवा टॉवेलखाली झाकून. त्या धड वाळत नाहीत, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तर तशाच दमट घातल्या जातात. बुरशीला ओलावा हवाच असतो. कपडे उघड्यावर, उन्हात वाळवा. पावसाळ्यात पंख्याखाली पूर्ण वाळवा किंवा इस्त्री फिरवा. घरात कुणाला ते दिसलं म्हणून काही बिघडत नाही.

आग असेपर्यंत शरीरसंबंध टाळा. आत ठेवायची औषधं आणि मलमं यांतल्या तेलकट घटकांनी निरोध कमजोर होतो. उपचार चालू असताना आणि नंतरचे काही दिवस त्यावर विसंबू नका. तांबी बसवलेली असेल तर या औषधांसाठी ती काढायची गरज नाही.

पायरी ८ : नवऱ्याला औषध लागतं का?

बुरशीच्या संसर्गात सहसा नाही. त्याला शिश्नाच्या टोकावर खाज, लाली किंवा पुरळ असेल, तरच त्यालाही तपासून औषध देतात. ट्रायकोमोनास निघाला तर मात्र दोघांनीही एकाच वेळी उपचार घ्यायचे आणि ते पूर्ण होईपर्यंत संबंध टाळायचा. एकट्या बायकोने गोळ्या घेतल्या तर संसर्ग पुन्हा तिच्याकडेच येतो. नवरा दवाखान्यात यायला राजी नसेल, तर सुरक्षा क्लिनिकमधल्या समुपदेशकांना सांगा. जोडीदारापर्यंत निरोप कसा पोचवायचा, हे सांगणं त्यांच्या कामाचाच भाग आहे.

पायरी ९ : आठवड्याने पडताळा

औषध सुरू केल्यापासून दोन-तीन दिवसांत खाज उतरायला लागते आणि आठवड्यात बहुधा पूर्ण जाते. त्रास गेला असेल तर पुन्हा तपासणीची गरज नाही. आठवडा उलटूनही त्रास तसाच असेल तर तीच गोळी परत आणू नका. निदान चुकलेलं असेल, किंवा बुरशीची जात वेगळी असेल. कॅन्डिडा ग्लॅब्राटासारख्या जातींवर नेहमीची औषधं कमी चालतात. त्यासाठी कल्चर लागतं आणि डॉक्टर कधी बोरिक अॅसिडची ६०० मिलिग्रॅमची आत ठेवायची कॅप्सूल देतात. ती पोटात गेली तर विषारी असते, गरोदरपणात वर्ज्य असते. कॅरमबोर्डासाठी घरी आणलेली बोरिक पावडर यासाठी कधीही वापरू नका.

वर्षात तीन किंवा जास्त वेळा संसर्ग झाला, तर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात. प्रत्येक वेळी सुटी गोळी घेऊन तो आटोक्यात येत नाही. साखर आणि एचबीए१सी तपासा, एचआयव्हीची चाचणी करा, कल्चर करा. त्यानंतर सहसा असा क्रम असतो : पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम, आणि पुढे सहा महिने आठवड्यातून एक गोळी, अर्थात डॉक्टरांच्या देखरेखीखाली. कोर्स संपल्यावर काहींना त्रास पुन्हा होतो. त्यात त्यांचा दोष नसतो, उपचार नव्याने आखावे लागतात. दर वेळी तारीख, पाळीचा दिवस, घेतलेलं औषध आणि किती दिवसांत आराम पडला, हे वहीत लिहून ठेवा. असा कागद समोर आला की नव्या डॉक्टरलाही पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

शेवटची गोष्ट घरातल्या इतरांसाठी. घरातली मुलगी, सून, बहीण किंवा बायको “मला दवाखान्यात जायचंय” एवढंच म्हणाली आणि कारण सांगायला अडखळली, तर खोदून विचारू नका. तिच्या हातात प्रवासाचे पैसे द्या, त्या दिवशीचा स्वयंपाक आणि पोरं तुम्ही सांभाळा, तिला हवं असेल तर सोबत जा. या आजारावरचा उपचार एका आठवड्याचा आहे. दवाखान्याच्या दारापर्यंत पोचायला तिला वर्ष लागू देऊ नका.